न मोजलेली दोन-दहाची फेरी

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष असलेले आपले जिल्हा परिवहन अधिकारी, व्यासपीठावर बसलेले जिल्हा सभेचे सन्माननीय सभासद, आगारप्रमुख, चालक संघटनेचे अध्यक्ष, माझ्याविषयी इतकं गोड बोलून मला अवघडून टाकणारे मघाचे सगळे वक्ते, समोर बसलेले माझे नियोजन शाखेतले सहकारी, पहिली पाळी संपवून गणवेशातच थेट इथे आलेले चालक बंधू-भगिनी, आणि तिसऱ्या रांगेत बसून मघापासून मनगटाकडे पाहणारे माझे यजमान, आपणा सर्वांना नमस्कार.

यजमानांचा दोष नाही. निघताना मी त्यांना म्हटलं होतं, दहा मिनिटांत आटोपेन. एकतीस वर्षं जी बाई गाड्यांची वेळापत्रकं करते, तिच्या वेळेच्या शब्दावर घरात अजून कुणीतरी विश्वास ठेवतं, हेच खरं तर माझं मोठं भाग्य आहे.

मघापासून माझं कौतुक ऐकते आहे. ऐकताना असं वाटत होतं की ही बाई मला कधीतरी भेटायला हवी होती. आगारप्रमुख म्हणाले, बाईंनी एका कागदावर सबंध जिल्हा मांडला. कागदावर जिल्हा मांडणं सोपं असतं हो. कागदाला चढ नसतो, खड्डे नसतात, आणि रेल्वेचं फाटक कधी बंद नसतं. चालक मंडळी मला मागे 'फेरीबाई' म्हणतात, हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. मला वाटायचं, प्रेमाने म्हणतात. मग एकदा आगारात पत्र्याच्या पलीकडे उभी होते, तेव्हा ऐकलं: "फेरीबाईंनी पुन्हा आपली जेवणाची सुट्टी खाल्ली." त्या चालकदादांना मी आज समोर बघते आहे. हसू नका, तुमचंच सांगते आहे. सुट्टी परत दिली होती की नाही? दिली होती. बारा मिनिटं कमी, पण दिली होती.

असे पुष्कळ किस्से आहेत, आणि खरं सांगायचं तर मी ते घोळवत ठेवते आहे, कारण पुढचं बोलायला धीर होत नाही.

आत्ता आपल्यासमोर मानपत्र वाचलं गेलं. अक्षर सुरेख आहे, चौकट सुरेख आहे. त्यात एक वाक्य आहे. "सोळा वर्षांपूर्वी जिल्ह्याची वाहतूक सेवा बंद पडण्याच्या बेतात असताना, काटेकोर मोजणीच्या आधारे एकोणचाळीस रिकाम्या फेऱ्या बंद करून यांनी सेवेला जीवदान दिले." टाळ्या या वाक्याला सर्वांत जास्त पडल्या. अध्यक्षमहाराज, ज्यांनी हे लिहिलं त्यांचा यात काही दोष नाही, त्यांनी कार्यालयातल्या कागदांवरूनच लिहिलं. पण त्या वाक्यातला आकडा चुकीचा आहे. रिकाम्या फेऱ्या अडतीस होत्या. एकोणचाळिसावी रिकामी नव्हती. ती चुकून बंद झाली आणि ती चूक माझी होती. मानपत्र मी घरी नेईन, भिंतीवरही लावीन, पण तो आकडा तेवढा दुरुस्त करून द्यावा, अशी माझी विनंती आहे. आणि तो का दुरुस्त करायचा, हे सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

सभेत काही मंडळी नवी आहेत, त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. आपल्या गाड्या तिकिटाच्या पैशांवर कधीच चालल्या नाहीत, आजही चालत नाहीत. काही वाटा जिल्ह्याचा, काही तिकिटांचा, आणि उरलेलं वरून येणारं अनुदान. त्या वर्षी वरून फर्मान आलं. मोजणीच्या आठवड्यात ज्या फेरीत सरासरी तीनपेक्षा कमी माणसं असतील ती फेरी बंद करा, तरच अनुदान. नाहीतर सगळंच बंद. आमचे त्या वेळचे मोठे साहेब, देव त्यांना सद्गती देवो, दिवसभर हातात पेन्सिल घेऊन नकाशाभोवती फिरायचे. अकरा चालक हंगामी होते. त्यांना पुढच्या महिन्याचं काही सांगता येत नव्हतं.

आता मोजणी म्हणजे काय? प्रत्येक फेरीत आपला एक माणूस बसतो, मांडीवर तक्ता, हातात पेन. कोण कुठे चढलं, कोण कुठे उतरलं. पास असलेली माणसं तिकिटाच्या यंत्रात दिसत नाहीत, ती फक्त या तक्त्यात दिसतात. आणि तक्ता भरायचे आपले दोन नियम होते. फेरीत कुणीच नसेल तर शून्य लिहायचं. फेरीची मोजणीच झाली नसेल तर आडवी रेघ मारायची. शून्य म्हणजे मोजलं, कुणी नव्हतं. रेघ म्हणजे मोजलंच नाही. नियोजन शाखेत आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला हा फरक पहिल्या दिवशी कुणी शिकवला? मीच शिकवला. इथे बसलेल्या निम्म्या लोकांना शिकवलाय. विसरलं की रागावले पण आहे.

सात नंबरच्या मार्गावर दुपारची दोन-दहाची एक फेरी होती. चौकातून निघायची, टेकडीवरच्या शुश्रूषागृहापर्यंत जायची आणि तिथून सव्वाचारला परत. शुश्रूषागृहात भेटीची वेळ तीन ते चार, म्हणून ती फेरी कधीकाळी तशी बसवलेली होती. त्या मार्गाच्या सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या दुसरा माणूस मोजायचा, दोन-दहाच्या फेरीला आम्ही एका निवृत्त शाळामास्तरांना नेमलं होतं. सोमवारी दुपारी चौकाकडे येतानाच दुसऱ्या एका गाडीच्या पायरीवरून मास्तरांचा पाय घसरला, घोटा मोडला, पाय प्लास्टरमध्ये. बदली माणूस मिळाला नाही. मास्तर सज्जन. त्यांनी घरी पडल्या पडल्या तक्ता भरला, सहाही दिवसांच्या रकान्यांत ओळीने सहा आडव्या रेघा मारल्या, मागच्या बाजूला लिहिलं, "मोजणी झाली नाही, क्षमस्व," आणि सुनेच्या हाती तक्ता पाठवून दिला. त्या दिवसाच्या मजुरीचा अर्जही केला नाही.

त्या वर्षी कार्यालयात संगणक नवीन आला होता. तक्ते त्यात भरायचं काम माझ्याकडे. सात नंबरचा दोन-दहाचा तक्ता घेतला, पहिली रेघ टाकली. संगणक टुंई करून ओरडला. त्याला आकडाच हवा होता. रेघ घेईना, रकाना मोकळा सोडू देईना, पुढच्या पानावरही जाऊ देईना. माझ्या बाजूला अजून दोनशे तक्त्यांचा ढीग. मी म्हटलं, तूर्त शून्य घालू, नंतर बघू. सहा वेळा शून्य घातलं. संगणक खूश झाला, पुढचं पान उघडलं.

नंतर बघू. या कार्यालयात एकतीस वर्षांत मी जेवढे शब्द वापरले, त्यातले हे दोन मला परत घ्यावेसे वाटतात.

आदल्या वर्षी त्याच फेरीत सरासरी पाच माणसं होती. पाचाचं एकदम शून्य कसं झालं, हा प्रश्न कुणाला तरी पडायला हवा होता. मलाच पडायला हवा होता, तोच तर माझा पगार होता. नाही पडला. यादी तयार झाली, एकोणचाळीस फेऱ्या. अनुदान मंजूर झालं. अकरा चालक कायम झाले. मोठ्या साहेबांनी सबंध कार्यालयाला चहा पाजला आणि माझ्या नावाने तीनदा टाळ्या वाजवल्या. मी अगदी हवेत होते हो. घरी येऊन यजमानांना तो प्रसंग किती वेळा सांगितला असेन, त्यांनाच विचारा.

मग पहिलं पत्र आलं.

पत्र एका घड्याळजींचं होतं. त्यांच्या परवानगीने सांगते आहे. नाव सांगायचं नाही, एवढी एकच अट त्यांनी घातली, तेव्हा कृपा करून कुणी तर्क करू नये. जिल्ह्यात घड्याळजी पुष्कळ आहेत. वळणदार अक्षर, एक खाडाखोड नाही. लिहिलं होतं, "माझी पत्नी टेकडीवरच्या शुश्रूषागृहात असते. तिला मागचं काही आठवत नाही. मी रोज दुपारी दुकान बंद करून दोन-दहाच्या गाडीने जातो, तिच्याजवळ तासभर बसतो, तिच्या घड्याळाला चावी देतो आणि परत येतो. ती गाडी बंद झाली आहे. सकाळची गाडी फार लवकर जाते, संध्याकाळची भेटीच्या वेळेनंतर. तरी विचार व्हावा."

मी उत्तराचा मसुदा केला. आपल्या सगळ्यांना तो तोंडपाठ आहे. "आपल्या पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सर्वेक्षण सप्ताहात सदर फेरीत सहाही दिवस एकही प्रवासी आढळून आला नाही. सबब फेरी पुन्हा सुरू करणे शक्य नाही." साहेबांची सही, गोल शिक्का, जावक क्रमांक. व्यवस्थित पत्र.

दुसरं पत्र आलं. "महोदय, काहीतरी घोटाळा आहे. मी त्या सहाही दिवशी गाडीत होतो. चालकाच्या मागच्या आसनावर. आणखी चार माणसंही असायची. मोजायला मात्र कुणी आलं नव्हतं." मोजायला कुणी आलं नव्हतं, असं त्या माणसाने आम्हाला स्पष्ट लिहिलं होतं! मी ते वाचलं आणि काय म्हटलं असेल? म्हटलं, सगळे असंच लिहितात. ज्याची गाडी बंद होते तो प्रत्येक जण म्हणतो की गाडी भरून वाहत होती. पहिलंच उत्तर पुन्हा पाठवलं, फक्त तारीख बदलून.

तिसरं पत्र छोटं होतं. "कृपया मूळ कागद एकदा पाहावा. मला हे फार गरजेचं आहे." बस, एवढंच.

का कोण जाणे, त्या दिवशी मी उठले. कपाट उघडलं, त्या वर्षीचं बाड काढलं, सात नंबरचा तक्ता शोधला. सहा रेघा. उलटून पाहिलं, मास्तरांचं क्षमस्व. तक्ता हातात घेऊन मी मोठ्या साहेबांच्या दारापर्यंत गेले. दार अर्धं उघडं होतं. साहेब फोनवर कुणाला तरी हसत हसत सांगत होते, "आमच्या बाईंचं काम म्हणजे बघायला नको." मी तिथे उभी राहिले. आणि परत फिरले.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःची समजूत घालत होते की मी त्या अकरा चालकांसाठी परत फिरले. एक आकडा खोटा निघाला असता तर सबंध जिल्ह्याची मोजणी पुन्हा झाली असती, अनुदान लटकलं असतं, त्यांच्या पोटावर पाय आला असता. हे सगळं खरं आहे. पण चालक मंडळींनो, आज निरोपाच्या दिवशी तुमच्या नावावर हे खपवणार नाही. तुमचा विचार मला दुसऱ्या दिवशी सुचला. त्या दारात उभी असताना मी फक्त माझा विचार करत होते. रेघ आणि शून्याचा फरक जगाला शिकवणारी बाई स्वतः तिथेच चुकली, म्हणून लोक हसतील, याची मला लाज वाटत होती. बस, लाज वाटत होती.

टेबलावर येऊन मी तिसरं उत्तर लिहिलं. "मूळ अभिलेखांची फेरतपासणी केली असता नोंदीत कोणतीही तफावत आढळून आली नाही." तक्ता समोर उघडा होता आणि मी हे लिहीत होते. साहेबांनी माझ्यावर विश्वासून न वाचता सही केली. पहिली दोन पत्रं चूक होती, असं मी एकवेळ म्हणेन. तिसरं पत्र खोटं होतं. चौथं पत्र त्यांच्याकडून आलं नाही, आणि सांगायला जड जातं, पण मला सुटल्यासारखं वाटलं.

त्या फेरीत आणखी चार माणसं असायची. त्यांनी पत्रं लिहिली नाहीत. ती कोण होती, त्यांचं काय झालं, मला आजही माहीत नाही.

गेल्या महिन्यात टेबल आवरायला घेतलं. निवृत्तीच्या आधी सगळे आवरतात, आपणही आवरावं. खणाच्या तळाशी तो तक्ता होता. मी तो तेव्हा बाडात परत ठेवलाच नव्हता. कुणी पाहू नये म्हणून असेल. त्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि घड्याळजींचं घर शोधत गेले. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. दुकान कधीच बंद झालं, पण खिडकीपाशी टेबल आहे, त्यावर शेजारपाजाऱ्यांची दोन-चार घड्याळं पडलेली. मी नाव सांगितलं, कार्यालय सांगितलं. म्हणाले, "या, या. पुन्हा गाडी सुरू करताय की काय?"

मी तक्ता त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच, पण इतकं सरळ नाही जमलं. मध्येच रडायला आलं. ते मास्तरांच्या रेघांवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी होतो."

मी म्हटलं, "होतात हो. पण तुम्हाला ते माहीतच होतं ना?"

"मला होतं. मुलीला नव्हतं."

आणि मग मला कळलं की तिसऱ्या पत्रात "फार गरजेचं" का लिहिलं होतं.

त्यांना एकच मुलगी. लांब असते, दुसऱ्या देशात. शुश्रूषागृहाचा खर्च ती पाठवायची. फोनवर आईला विचारायची, "बाबा येतात ना गं भेटायला?" आणि आई म्हणायची, "माझ्याकडे कुणी येत नाही." आईला सकाळचं संध्याकाळी आठवत नव्हतं, हे मुलीला ठाऊक होतं. तरी आई आहे ती. मनात किंतु यायचाच. बाबा म्हणायचे, मी रोज जातो, एक दिवस चुकवत नाही. मुलगी म्हणायची, बरं. मग गाडी बंद झाली. आता आपण का जाऊ शकत नाही, हे मुलीला नीट कळावं, तिने काही सोय सुचवावी, म्हणून त्यांनी आमचं पहिलं उत्तरच तिला पाठवून दिलं.

मुलीने काय वाचलं? सहाही दिवस एकही प्रवासी आढळून आला नाही.

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तर म्हणायचात रोज जातो." तिने शुश्रूषागृहात फोन करून विचारलं. तिथल्या परिचारिका म्हणाल्या, "येतात बहुतेक, पण आमच्या तीन पाळ्या, नक्की नाही सांगता येणार." एका बाजूला ते 'बहुतेक', आणि दुसऱ्या बाजूला गोल शिक्का. त्यांनी मुलीला सांगितलं, "थांब, मी त्यांना मूळ कागद बघायला लावतो. सरकारी कार्यालय आहे, खरं काय ते लिहून देतील." आणि मी लिहून दिलं.

ते पत्रही त्यांनी मुलीला पाठवलं. शब्द दिला होता म्हणून पाठवलं. मुलीने एवढंच उत्तर दिलं, "बाबा, निदान आईच्या बाबतीत तरी खोटं बोलायला नको होतं."

मी विचारलं, "तुम्ही भांडला नाहीत तिच्याशी?" म्हणाले, "शिक्क्याशी कसा भांडणार, बाई?"

पुढची दोन वर्षं ते रविवारी शेजाऱ्याच्या स्कूटरवरून जायचे. मधल्या दिवशी जमेल तेव्हा चालत. सहा किलोमीटर, सगळा चढ. त्या बाई दोन वर्षांनी गेल्या. मुलगी आली, सगळं रीतसर केलं, आणि वडिलांशी कामापुरतं बोलून परत गेली. पैसे पाठवत राहिली. फोन वर्षातून दोनदा.

सभासद महोदय, आपण अंदाजपत्रकाच्या बैठकीत नेहमी विचारता, एक फेरी बंद केली तर नेमका किती फरक पडतो? मी दर वेळी उभी राहून आकडा सांगत आले. डिझेल इतकं वाचतं, चालकाचे तास इतके वाचतात. आकडा बरोबरच असायचा. पुढच्या वेळी तो प्रश्न विचाराल तेव्हा मी या सभागृहात नसेन. माझ्या जागी बसणाऱ्या मुलीला तो विचाराल, तेव्हा तिला मूळ कागद घेऊन यायला सांगा, आणि ती जरा वेळ लावते म्हणून रागावू नका.

घड्याळजींकडून निघाले ती घरी न जाता तशीच कार्यालयात आले आणि अध्यक्षांच्या खोलीत गेले. या वेळी परत फिरले नाही. अध्यक्षमहाराज, आपण म्हणालात, "बाई, निवृत्तीच्या तोंडावर हे कशाला उकरून काढता?" आपण माझ्याच भल्यासाठी म्हणालात, मला कळतं. आणि मग आपण माझा लेखी कबुलीजबाबही ठेवून घेतलात आणि घड्याळजींना लिहिलेल्या पत्रावर सहीसुद्धा केलीत, त्याबद्दल मी आपली ऋणी आहे. चौकशी जी व्हायची ती होईल. तिच्यातून सुटका व्हावी म्हणून आज हे बोललेले नाही, एवढं मात्र नोंदवून घ्या.

पत्र मी स्वतः लिहिलं होतं. अनुषंगाने नाही, सबब नाही. "सोळा वर्षांपूर्वी या कार्यालयाने आपल्याला कळवलेली माहिती खोटी होती. त्या आठवड्यात त्या फेरीत मोजणी झालीच नव्हती. आपण त्या फेरीत नव्हता, असं म्हणायला या कार्यालयाकडे कोणताही आधार नव्हता. आपण मूळ कागद पाहण्यास सांगितलं तेव्हा तो पाहिला गेला आणि तरीही आपल्याला खोटं उत्तर देण्यात आलं." खाली सही, गोल शिक्का, जावक क्रमांक. एक प्रत त्यांना, एक त्यांच्या मुलीसाठी. शिपायाच्या हाती पाठवायचं नव्हतं. गेल्या मंगळवारी मीच घेऊन गेले.

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळाचं यंत्र बघताना लावतात ते, आणि पत्र एकदा वाचलं. परत वाचलं. म्हणाले, "चांगलं लिहिलंय." मग मुलीची प्रत घडी घालून माझ्याकडे सरकवली. "ही मात्र नेऊन टाका. ही मी तिला पाठवणार नाही."

मला वाटलं, पत्ता बदलला असेल, टपालखर्चाचं असेल. म्हटलं, "मी पाठवते ना, कार्यालयाकडून."

"नको, बाई. ऐका जरा. मागल्या वर्षी मी पडलो, इस्पितळात होतो, तेव्हापासून ती रोज फोन करते. रोज. काय खाल्लं, औषध घेतलं का, सगळं विचारते. एकदा म्हणाली, 'बाबा, झालं गेलं, मी काही मनात ठेवलेलं नाही.' तिने मला माफ केलंय. न केलेल्या गोष्टीची का होईना, पण माफी आहे ती. मला ती पुरते. आता हे पत्र गेलं तर तिला कळणार की बाप खरं बोलत होता, आणि आपण आईच्या शेवटच्या वर्षांत त्याला एकटं पाडलं. मग तिला स्वतःला माफ करावं लागेल. ते तिला जमायचं नाही. ती माझ्यावर नाही गेलेली, आईवर गेलीये."

मी ती प्रत पिशवीत ठेवली. मग त्यांनी विचारलं, "हे पत्र सोळा वर्षांपूर्वी का नाही लिहिलंत हो?" रागाने नाही विचारलं. एखाद्या घड्याळात नेमकं काय बिघडलंय ते पाहावं, तसं विचारलं. मी म्हटलं, "लाज वाटली." ते म्हणाले, "हं." आणि चहा ठेवायला आत गेले.

निघताना त्यांनीच सांगितलं, "तुमच्या कार्यालयात मात्र सांगा. तिथे कळायला हवं. नाव नको." म्हणून सांगितलं.

आता आभार. हा समारंभ घडवून आणणाऱ्या नियोजन शाखेचे, आगाराचे, सुंदर अक्षरात मानपत्र लिहिणाऱ्यांचे, जुन्या दिवसांतल्या मोठ्या साहेबांचे, ज्यांच्या विश्वासाला मी पुरी पडले नाही, उन्हातान्हात माझी वेळापत्रकं खरी करून दाखवणाऱ्या चालकांचे, आणि एकतीस वर्षं जेवण झाकून ठेवणाऱ्या माझ्या यजमानांचे मनापासून आभार. ही गोष्ट त्यांनाही आज पहिल्यांदाच कळते आहे. घरी गेल्यावर ते काय म्हणतील, मला माहीत नाही.

बोलण्यात कुणाचा उल्लेख राहिला असेल, वेळ अधिक गेला असेल, आनंदाच्या प्रसंगी नको ते बोलले असेन, तर तेवढं पोटात घालावं. बाकी जे सांगितलं त्याची माफी मी या सभेकडे मागत नाही, ती द्यायचा अधिकार या सभेला नाही. ज्यांना आहे त्यांच्याकडे मी गेल्या मंगळवारी मागितली. त्यांनी कपात चहा ओतला, साखर किती घालू ते विचारलं, आणि त्या विषयावर काहीच बोलले नाहीत. मीही पुन्हा विचारलं नाही.

नमस्कार.